‘प्रेझेंट’ राहा : हजर, उपस्थित, समक्ष की आणखी काही?

प्रश्न

ख्रिस्ती उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांतल्या एका प्रवचनाचा मराठी अनुवाद करते आहे. विषय मोबाईल, स्क्रीन आणि भक्ती. मूळ वाक्य अगदी साधं आहे : देवापुढे आणि माणसांपुढे ‘प्रेझेंट’ राहा. ‘उपस्थित राहा’ लिहिलं तर सभेची सूचना वाटते. ‘हजर राहा’ म्हटलं की वर्गातली हजेरी आठवते. एकाने ‘वर्तमानात जगा’ सुचवलं, तेही पटत नाही. ऐकणाऱ्यांत वृद्ध आहेत, शाळकरी मुलंही आहेत. काय लिहावं?

उत्तर

‘वर्तमानात जगा’ आधी बाजूला ठेवा. इंग्रजी शब्दात काळ आणि जागा दोन्ही आहेत, आपल्या ‘वर्तमाना’त फक्त काळ. शिवाय ख्रिस्ती कानांना वर्तमान म्हटलं की शुभवर्तमान आठवतं, आणि तिथे त्याचा अर्थ बातमी. वर्तमानपत्रातही तोच. दिवसभर फोनवर बातम्या चाळणारा माणूस या अर्थाने वर्तमानातच बुडालेला असतो, आणि तुम्हाला नेमकं त्यालाच हाक मारायची आहे.

‘हजर’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याच धातूचा शब्द ‘हुजूर’. त्याचा मूळ अर्थ समोर असणं, सान्निध्य. पुढे ज्याच्यासमोर उभं राहायचं त्यालाच हुजूर म्हणू लागले. धन्याच्या सतत जवळ असणारा तो हुजऱ्या. मुळात इतकी जवळीक असूनही आज हजेरी म्हणजे नावापुढची खूण. ॲपवर नावाशेजारी दिसणारा हिरवा ठिपका ही हजेरीच. तो फोनबद्दल सांगतो, माणसाबद्दल फारसं काही सांगत नाही.

‘उपस्थित’ मात्र मी सोडणार नाही. वापरून वापरून तो थकला आहे, इतकंच. उप म्हणजे जवळ, स्था म्हणजे उभं राहणं. आता त्याच्या शेजारी आपलेच दोन शब्द ठेवा. उपासना : उप आणि आस्, जवळ बसणं. उपवास : उप आणि वस्, जवळ राहणं, वस्तीला असणं. रविवारच्या भक्तीला आपण उपासना म्हणतो आणि तुमचं प्रवचन उपवासकाळातलं आहे. ‘मोबाईलचा उपवास’ हा प्रयोग हल्ली ऐकू येतो, पण त्यात आपण फक्त काय सोडलं ते सांगतो. कोणाजवळ राहण्यासाठी सोडलं, हे शब्दाच्या पोटात असूनही वाक्यात येत नाही. मला ही मोठी हानी वाटते.

बायबलमधल्या लूक १०:३८-४२ मधल्या दोघी बहिणी आठवा. मरीया प्रभूच्या पायाजवळ बसली आहे, म्हणजे शब्दशः उपासना. मार्थेबद्दल लूकने जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे, पेरिस्पाओ, त्याचा अर्थ चहूकडून ओढलं जाणं. मराठीत याला हुबेहूब शब्द आहे : ओढाताण. दुसरा ‘व्यग्र’, म्हणजे ज्याचं मन एका टोकावर, एका अग्रावर नाही असा. ‘एकाग्र’च्या बरोबर उलटा. एक गोष्ट विसरू नये. मार्था काही वाईट करत नव्हती, ती प्रभूचीच सरबराई करत होती. पहाटेपासून दहा गटांवर वचनं पाठवणाऱ्याचीही ओढाताण होते, आणि ती चांगल्या कामाने होते म्हणून लक्षात यायला उशीर लागतो. मी स्वतः हे बरीच वर्षं केलं आहे.

हरकत

जवळ म्हणजे शरीराने जवळ असंच धरायचं का? माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. उपासना ती फोनवरच ऐकते. तिला अनुपस्थित म्हणणार का? प्रेषित पौलानेही दूर असताना मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती समुदाय, पत्रांनीच सांभाळल्या.

उत्तर

तुमच्या आईंना मी बेधडक उपस्थित म्हणेन. बाकावर बसून मांडीवरच्या पडद्यात रमलेल्याला मात्र हजर. या दोन शब्दांत मराठीने हा फरक ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पौलाचा दाखला योग्यच आहे. १ करिंथ ५:३ मध्ये तो शरीराने दूर पण आत्म्याने तिथेच असल्याचं लिहितो. फिलिप्पै २:१२ मध्ये ग्रीक शब्दांची जोडीच येते : पारूसिया आणि आपूसिया, जवळ असणं आणि दूर असणं. पारूसियातला ‘पारा’ म्हणजे शेजारी. अर्थाने आपल्या ‘उप’चा भाऊच. ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यालाही नव्या करारात हाच शब्द आहे. मराठीत तिथे ‘आगमन’ म्हणतात. त्यात येणं उरतं, शेजारी असणं निसटतं.

पण २ योहान १२ सुद्धा वाचा. लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईने नको, तुमच्याकडे येऊन तोंडाशी तोंड करून बोलेन, म्हणजे आनंद पूर्ण होईल, असा त्याचा आशय. हेही त्याने शाईनेच लिहिलं! त्या काळचं तंत्रज्ञान त्याने नाकारलं नाही, ते कुठे अपुरं पडतं तेवढं सांगितलं.

‘माध्यम’ या शब्दात हे सगळं आहे. जे दोघांच्या मध्ये असतं ते जोडतंही आणि आडही येतं. आड आलं की त्याला व्यवधान म्हणतात. ‘अवधान’ त्याच धातूचा. (१ तीमथ्य २:५ मध्ये ख्रिस्ताला मध्यस्थ म्हटलं आहे. तोही मध्येच असतो, पण आड येत नाही.) व्हॅटिकनने २००२ साली इंटरनेटविषयीच्या निवेदनात स्पष्ट म्हटलं की इंटरनेटवर संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन असे विधी) होत नाहीत. २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पडद्यातून हाती येत नाहीत, हे अनेकांना पहिल्यांदा जाणवलं. वचन ऐकू येत होतं, हे खरं आणि मोलाचं. पुढे २०२३ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने समाजमाध्यमांवर एक चिंतन काढलं. त्याच्या शीर्षकातच पूर्ण उपस्थिती आहे आणि आधार चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या, दाखल्याचा आहे. याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) यांनीही जखमी माणसाला पाहिलं होतं. पाहून ते पलीकडच्या बाजूने गेले. शोमरोनी जवळ गेला.

पुन्हा प्रश्न

‘समक्ष’ कसा वाटतो? आणि मुलांना ‘उप’ची फोड सांगत बसणं जमणार नाही.

उत्तर

समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. हिब्रूत हीच कल्पना चेहऱ्यावरून येते : पानीम, चेहरा. उत्पत्ती ३:८ मध्ये आदाम लपतो तो परमेश्वराच्या चेहऱ्यापासून. आपल्याकडे याला सन्मुख आणि विमुख ही जोडी आहे. खाली पाहत ‘बोल, ऐकतोय’ म्हणणारा विमुखच. पण मुलांसाठी हेही जड.

लपलेल्या आदामाला देव विचारतो, कुठे आहेस? बायबलमध्ये देवाने माणसाला विचारलेला हा पहिला प्रश्न. मोबाईलवर आपणही बहुतेक वेळा हेच आधी विचारतो. आदाम सबब सांगतो. अब्राहाम, मोशे, शमुवेल, यशया मात्र देवाच्या हाकेला एकच हिब्रू शब्द बोलतात : हिनेनी. त्यात ‘इथे’ असा शब्दच नाही. ‘पाहा, हा मी’ इतकंच आहे. उत्पत्ती २२ मध्ये अब्राहाम तो तीनदा उच्चारतो : पहिल्या वचनात देवाला, अकराव्यात देवदूताला, आणि मधे सातव्यात ‘बाबा’ म्हणणाऱ्या मुलाला. देवाला आणि मुलाला एकच शब्द. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला होता, कारण त्याच दिवशी माझ्या मुलीने तीन हाका मारल्या होत्या आणि मी तिन्ही वेळा ‘हं’ म्हटलं होतं.

‘हं’ला मराठीत विरुद्ध शब्द आहे : ओ. हाकेला ओ देणे.

प्रश्नकर्ती

मिळालं. वाक्य असं केलं आहे : ‘देवाने हाक मारली तर ओ द्या, शेजारी बसलेल्याने मारली तरी ओ द्या.’ शीर्षक ‘जवळ’ ठेवू की ‘ओ’?

उत्तर

‘ओ’. ‘जवळ’ मुलांना कळेल, पण ‘ओ’ त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेता येईल.