कंट्री गाण्याचा डेमो: पिच करण्याआधी कुणाला ऐकवावा?

घाटउतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मूळ गाव वाई, गेली अकरा वर्षं नॅशव्हिलजवळ मर्फ्रीज्बरोत. नोकरी कॉम्प्युटरची, खाज गाण्याची. चारेक वर्षं कंट्री गाणी लिहितोय, इंग्रजीत. (हसून घ्या, मी थांबतो.) त्यातलं एक गाणं पब्लिशरपुढे (म्हणजे गाणी गायकांपर्यंत पोचवणाऱ्यापुढे) ठेवावं, म्हणजे पिच करावं, असं वाटायला लागलंय. ओळखीतून पुढच्या महिन्यात पंधरा मिनिटांची वेळही मिळाली आहे.

गाण्याचं नाव 'द गिअर यू क्लाइम्ब्ड इन'. वडील ट्रक चालवायचे. बोगदा व्हायच्या आधी खंबाटकी उतरताना मला शेजारी बसवून सांगायचे, "ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतरायचं." इथे चॅटनूगाला जाताना आय-२४ वर माँटीगलचा उतार लागतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडी भरलेले रॅम्प आहेत. ते बघून एकदा बाबांचं वाक्य आठवलं आणि गाणं आलं.

अडचण अशी की घरचे "छान" म्हणतात. मंडळाच्या गणपतीत गायलो तर टाळ्या पडल्या आणि एका काकूंनी विचारलं, "मराठी कधी?" पण नेमकं कुठे चुकतंय हे सांगणारं कोणी नाही. सध्या फोनवर केलेलं गिटार आणि आवाज एवढंच रेकॉर्डिंग आहे. आधी स्टुडिओत पैसे घालून बँडसकट डेमो (नमुन्याचं रेकॉर्डिंग) करावा आणि मग लोकांना ऐकवावा, की असाच ऐकवावा? आणि कुणाला? चाल चोरीला जाण्याची भीती कितपत खरी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोळावी_गल्ली

स्टुडिओत आत्ता पाऊल टाकू नका. हे हात पोळलेली बाई सांगते आहे.

माझ्या पहिल्या गाण्याला मी नऊशे डॉलर घालून पूर्ण डेमो केला होता. ड्रम, पेडल स्टील गिटार, सगळा थाट. मग तो घेऊन लोकांचं मत मागायला गेले. ज्याला त्याला स्टील वाजवणाराच आवडला! तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या गीतकाराने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "तुझं दुसरं कडवं पहिल्याचंच सांगतंय, फक्त पाऊस वाढलाय." बरोबर होतं. कडवं बदललं आणि डेमो मातीमोल झाला, कारण गाणारी मुलगी परत बोलवायची तर परत पैसे. तुमच्या फोनवरच्या रेकॉर्डिंगला इथे 'वर्क टेप' म्हणतात आणि सोबतच्या गीतकारांना ऐकवायला तेच सगळ्यात चांगलं. त्यात लपायला जागा नसते.

आता कुणाला. नॅशव्हिलजवळ राहून हा प्रश्न पडावा म्हणजे आळंदीत राहून वारकरी कुठे भेटतील विचारण्यासारखं आहे. नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल, म्हणजे एनएसएआय ही गीतकारांची संघटना, १९६७ पासून आहे. वेगवेगळ्या शहरांत त्यांच्या शाखा भरतात, आणि सभासदाने गाणं पाठवलं की अनुभवी गीतकार ऐकून मत कळवतो. शाखेच्या बैठकीला जाच. तिथली माणसं तुमच्याइतकीच धडपडणारी असतात, त्यामुळे "छान" म्हणून वेळ मारून नेत नाहीत. त्यांनाही उद्या तुमचं खरं मत हवं असतं.

दुसरं ठिकाण ब्लूबर्ड कॅफे. १९८२ पासून हिल्सबरो पाइकवर, दुकानांच्या एका साध्या रांगेत. नव्वदच्या आसपास खुर्च्या. सोमवारी ओपन माइक असतो, म्हणजे कुणीही नाव देऊन गावं. पण पहिल्याच खेपेला गाऊ नका. दोन सोमवार नुसतं बसा. तिथे बोललं की शुक् करतात, त्यामुळे कंटाळा आला तरी माणूस गप्पच असतो. कुठल्या ओळीला लोक ग्लास उचलतात ते बघा. मी वहीत लिहायचे: 'दुसरं कडवं, चौथी ओळ, पाच ग्लास'.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऐकवण्याआधी वाई, बाबा, खंबाटकी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. इथे तुम्ही आम्हाला सगळं सांगून टाकलंत, आता आम्ही बाद. पब्लिशरच्या खोलीत ही प्रस्तावना ऐकायला कुणी थांबणार नाही. गाणं एकदा वाजवा, शब्दांचा कागद न देता. मग विचारा: गाण्याचं नाव काय असेल? कोण कुणाशी बोलतंय? तुमचं लक्ष नेमकं कुठे उडालं? "आवडलं का" हे विचारूच नका, त्याचं उत्तर भिडस्त माणूस देतो.

काळी_दोन

सोळावीताईंना अनुमोदन. एक भर. बैठकीत कोणी साथीला बसलं तर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) अक्षरांत देऊ नका, आकड्यांत द्या. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतले नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली आणि आता अख्खं नॅशव्हिल त्याच्यावर चालतं. आपल्याला ती शिकायला दहा मिनिटं पुरतात, कारण ती सरळसरळ सरगम आहे. १, ४, ५ म्हणजे सा, म, प वर उभे केलेले कॉर्ड. मायनर असेल तर पुढे उणे चिन्ह, ६-. गायक म्हणाला दोन सूर खाली घे, तर पट्टी बदलते, कागद तोच राहतो. पेटीवाल्याला "काळी एक नको, पांढरी सहा धरा" म्हणतो तसंच.

अवांतर: गाणं कुणासाठी पिच करणार? पुरुष गायकासाठी असेल तर त्याला झेपेल अशा पट्टीतच ऐकवा.

बॅन्जो_बंडू

ध्रुवपद टाका की इथे. चाल नको, नुसते शब्द.

घाटउतार

घ्या. ध्रुवपदाची शेवटची ओळ: 'कम डाउन द माउंटन इन द गिअर यू क्लाइम्ब्ड इन'. शेवटचा 'इन' मी चार मात्रा लांबवतो, तिथे आवाज चांगला लागतो. बैठकीला पुढच्या मंगळवारी जातोय. आकड्यांचा कागद केला, काळी_दोन, दहा नाही चाळीस मिनिटं लागली.

बॅन्जो_बंडू

घोळ इथेच आहे. मी ऑस्टिनला आहे, मराठी आईचा अमेरिकेत वाढलेला मुलगा, त्यामुळे कान दोन्हीकडचा. मराठीत ओवी म्हणताना शेवटचं अक्षर लांबवलं की गोड लागतं, मग ते कुठलंही असो. इंग्रजीत जोर ठरलेला असतो. 'इन' हा बिचारा जोडशब्द, त्याच्यावर सम आणलीत की ऐकणारा "कशाच्या आत?" म्हणून वाट बघत बसतो. वर तो ऱ्हस्व इ, चार मात्रा ओढला की 'ईऽन' होतो. लांबवायचं तर आधीच्या शब्दातला 'आय' लांबवा, तोंड उघडतं, आणि 'इन' पटकन सोडून द्या. तुम्ही 'माउंटन'ला 'टन'वर उचलता का? मला संशय आहे. जोर 'माउन्'वर.

आणि रागावू नका, पण 'क्लाइम्ड'. त्यात ब नाही. तुम्ही शीर्षकात ब लिहिलाय म्हणजे गातानाही तो येत असणार.

घाटउतार

येतो. आत्ता रेकॉर्डिंग लावून ऐकलं. चार वर्षांत बायको, मुलगी, मंडळ, कोणी बोललं नाही!

सोळावी_गल्ली

मुलीला नक्की ऐकू येत असणार हो. बाबा म्हणून सोडलं असेल.

डिझेल_अण्णा

मी गाण्यातला नाही, इंडियानात ट्रक डिस्पॅच बघतो. बाबांचा नियम जुन्या गाड्यांना अगदी बरोबर. हल्ली इंजिन ब्रेक असतो, बऱ्याच ट्रकांना गिअरही ऑटोमॅटिक. पण जुने ड्रायव्हर हेच वाक्य सांगतात, त्यामुळे तुमचं मूळ पक्कं आहे. बाकीच्या ओळींत ट्रक कसा चालवलाय?

घाटउतार

पहिल्या कडव्यात बाबा पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू येतात, असं आहे.

डिझेल_अण्णा

अरे देवा. मग त्यांनी गिअर कशाला सांगितला? पाय ब्रेकवर ठेवून घाट उतरला तर ब्रेक तापतात, धूर येतो, आणि गाडी खडीच्या रॅम्पवर. पाय वर पाहिजे! एखाद्या ट्रकस्टॉपवर कॉफी पाजून दोन ड्रायव्हरांना ऐकवा, फुकटात मत मिळेल.

सोळावी_गल्ली

अण्णा, तुम्ही गाणं वाचवलंत. 'पाय ब्रेकवरून काढलेला' हे चित्रच जास्त चांगलं आहे.

वकिलीण_बाई

चोरीबद्दल. गाणं रेकॉर्ड केलं किंवा लिहून काढलं की त्या क्षणापासून अमेरिकेत कॉपीराइट तुमचाच असतो. कोर्टात जायची वेळ आली तर नोंदणी लागते. अप्रकाशित असतील तर दहापर्यंत गाणी एका अर्जात ८५ डॉलरमध्ये नोंदवता येतात. नुसत्या नावावर किंवा कल्पनेवर मात्र हक्क नसतो, तेव्हा उद्या कोणी दुसरं गिअरचं गाणं लिहिलं तर लिहू द्या.

माझ्या मते चोरीपेक्षा दुसरी भानगड जास्त वेळा होते. बैठकीत कोणी एक ओळ सुचवतो, तुम्ही ती घेता, आणि सहा महिन्यांनी त्याला वाटतं आपण सहगीतकार. नॅशव्हिलचा रिवाज असा की लिहायला एकत्र बसले की वाटा सारखा, कोणी एक शब्द दिला असो की चाळीस. मत देणं वेगळं, लिहायला बसणं वेगळं. ओळ घेण्याआधी तोंडावर विचारा आणि त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून ठेवा.

पुणेरी_पिक

+१. आणि "तुमचं गाणं प्रकाशित करतो, एवढी फी भरा" म्हणणारा भेटला की चपला घालायच्या. मी एका कंपनीला भरली होती. महिन्याभराने माझ्याच गाण्याची सीडी मला पोस्टाने आली. पब्लिशर लेखकाकडून पैसे घेत नाही, गाणं चाललं तर मिळकतीतला वाटा घेतो.

एक वेगळा प्रश्न: सुनोसारख्या एआयवर डेमो केला तर? मिनिटात बँड तयार.

वकिलीण_बाई

शब्द नि चाल तुमची आणि एआयकडून फक्त वाजवून घेतलं, तर शब्द-चाल तुमचीच. पण नुसती सूचना टाइप करून यंत्राने जे बनवलं त्यावर हक्क मिळत नाही, हे कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात स्पष्ट केलंय. वापरलंत तर समोरच्याला आधी सांगा.

सोळावी_गल्ली

आणि मत मागायला तर मुळीच नको. पुन्हा स्टीलवालाच आवडेल, या खेपेला तोही नसलेला.

घाटउतार

दोन आठवड्यांनी हजर. बैठकीला सात जण होते. तोंड शिवून बसलो, प्रस्तावना नाही, कागद नाही.

नाव सातही जणांनी बरोबर सांगितलं. ब नसलेलं. एवढ्यावर मी खूश होतो, तोवर एका बाईंनी विचारलं, "वडील गेले आहेत का?" चौघांना तेच कळलं नव्हतं. मला वाटत होतं डॅशबोर्डवरच्या टोपीने सगळं सांगितलंय. पण टोपी पहिल्या कडव्यातही तिथेच आहे, मग दुसऱ्यात असण्याने काय कळणार? आता पहिल्या कडव्यात टोपी त्यांच्या डोक्यावर आहे. दुसऱ्यात डॅशबोर्डवर. बाकी एक शब्द बदलला नाही.

लक्ष उडण्याची जागा सगळ्यांची एकच, सुरुवात. मी अठ्ठावीस सेकंद गिटार वाजवत होतो. आता सात सेकंद. ध्रुवपद एक मिनिट बारा सेकंदांऐवजी एक्कावन्नाव्या सेकंदाला येतं. एक जण म्हणाला ब्रिज (मधला वेगळ्या चालीचा तुकडा) काढून टाक, दुसरा म्हणाला ब्रिजच उत्तम आहे. दोघांचं ऐकून काहीच केलं नाही.

एका तरुणाने शेवटच्या ओळीसाठी शब्द सुचवला, चांगला होता. वकिलीणबाई आठवल्या, विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव नको, पण पुढच्या बुधवारी दहा वाजता माझ्याबरोबर लिहायला बस." तसा मेसेज दोघांनी एकमेकांना पाठवला.

अण्णा, ट्रकस्टॉपवर एकच ड्रायव्हर भेटला. ऐकून म्हणाला, गाण्याचं कळत नाही, पण पाय ब्रेकवर नाही ते बरंय. पब्लिशरची भेट गुरुवारी आहे. वर्क टेपच नेतोय, नव्याने रेकॉर्ड केलेली.

काळी_दोन

शुभेच्छा! पट्टी कोणती ठेवलीत शेवटी?

घाटउतार

जी. माझ्यासाठी जरा खाली आहे, पण गाणारा मी नाहीच ना. बाय द वे, मंडळाच्या काकू परवा किराणा दुकानात भेटल्या. "मराठी कधी?"