प्रतिसाद: करारातली अट कागदावरच राहते का?

पामतेलासारख्या मालाच्या व्यापार करारात पर्यावरणाची अट घातली तरी ती कागदावरच राहते, असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. स्वित्झर्लंडचं उदाहरण बघा. एफ्टा (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापारगट) आणि इंडोनेशिया यांच्यातल्या करारावर तिथे ७ मार्च २०२१ रोजी सार्वमत झालं आणि तो जेमतेम ५१.६ टक्के मतांनी तरला. वाद मुख्यतः पामतेलाचाच होता, कारण त्याच्या मळ्यांसाठी जंगलं तोडली जातात. तिथे आयातशुल्कातली सवलत सरसकट नाही. पर्यावरण जपून काढल्याचं मान्य प्रमाणपत्र असलेल्या तेलालाच ती मिळते, तीही वर्षाला १०,००० टनांपासून सुरू होणाऱ्या मर्यादेत. शिवाय माल २२ टनी टाक्यांतून आणायचा, म्हणजे कुठलं तेल कुठून आलं ते शोधता येतं. मला यातली ही टाकीची अटच सर्वांत मोलाची वाटते, कारण एकदा तेल मिसळलं की जंगल तोडून काढलेलं कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही.

मजुरांचं मात्र तेवढ्याने भागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेने एफजीव्ही या मलेशियन कंपनीचं पामतेल सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून बंदरातच अडवायला सुरुवात केली. या कंपनीकडे प्रमाणित मळेही होते! मळ्यांवरचे बरेच मजूर परदेशी, दलालाच्या कर्जात अडकलेले. पासपोर्ट मालकाकडे असेल तर तक्रार कोण करणार?

आणि आपण? पामतेलाचे जगातले सर्वांत मोठे आयातदार. फरसाणापासून साबणापर्यंत ते सगळीकडे आहे. तरी आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी आपला २०१० पासून लागू असलेला जो मालव्यापार करार आहे, त्यात पर्यावरणाचं किंवा कामगारांचं प्रकरणच नाही. त्याचा फेरआढावा चालू आहे, तिथे हा विषय लावून धरायला हवा.