मदत हवी आहे: लेगोचं जग्वार (१:४०), खाली झुकलेले पंख कसे बसवू?

नमस्कार मंडळी,

आपल्या हवाई दलाच्या जग्वारचं, म्हणजे 'शमशेर'चं, लेगोमधलं मॉडेल करते आहे. धड झालंय, पंखांशी अडले आहे. इथे मुरलेले लेगोवाले आहेत हे माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९९७ पासून लोहगावला सुखोई आहेत, त्यामुळे पुण्यात लढाऊ विमान म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं. मलाही दोघातिघांनी सुखोईच कर म्हणून सुचवलं. पण माझ्या मामाने हवाई दलात जग्वारच्या अडूर इंजिनांवर वर्षानुवर्षं काम केलंय. तो आता धानोरीत असतो आणि हे मॉडेल त्याच्यासाठीच आहे. शिवाय मला हे विमान मनापासून आवडतं. जमिनीलगत वेगाने जाऊन हल्ला करायचा, हेच त्याचं मुख्य काम. खालच्या हवेतल्या धक्क्यांनी फार हादरू नये म्हणून पंख छोटे, आणि पोटाखाली बॉम्ब, टाक्या लावायला जागा राहावी म्हणून ते धडाच्या वरच्या बाजूला. ब्रिटनने २००७ मध्ये जग्वार निवृत्त केलं, फ्रान्सने त्याच्याही आधी. आपल्याकडे १९७९ साली आलेलं हे विमान अजून उडतंय.

लेगो कंपनी आधुनिक लष्करी विमानांचे संच काढत नाही. २०२० मध्ये ऑस्प्रे या लष्करी विमानाचा टेक्निक (लेगोची यांत्रिक मालिका) संचसुद्धा बाजारात येण्याच्या तोंडावर मागे घेतला होता. म्हणजे तयार सूचनापुस्तिका मिळणार नाही, सगळं स्टुडिओ या लेगो मॉडेल आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच आखायचं.

१:४० ला एक स्टड (लेगोच्या तुकड्यावरचा गोल उंचवटा, मापाचं एककही तेच) म्हणजे खरे ३२ सेंटिमीटर. लांबी १६.८३ मीटर, ती साधारण साडेबावन्न स्टड होते. पंखांचा विस्तार ८.६९ मीटर, म्हणजे २७ स्टड. धड मी मधोमध आठ स्टड रुंद ठेवलंय. पंख सुमारे ४० अंश मागे झुकलेले असतात. कोपरा कापलेल्या वेज प्लेट (पातळ चपटे तुकडे) ४५ अंशांच्या, त्या जास्त तिरक्या दिसतात. म्हणून पुढच्या कडेची पट्टी वेगळी करून हिंजवर (बिजागरीवर) लावली, आठ स्टड बाहेर आणि सहा मागे. ३-४-५ चा त्रिकोण, कोन जवळपास ३७ अंश. डोळ्याला खटकत नाही.

खरी अडचण पुढे आहे. जग्वारचे पंख टोकाकडे ३ अंश खाली उतरतात आणि शेपटीचे आडवे पंख तर १० अंश. हे दिसलं नाही तर ते जग्वार वाटतच नाही. क्लिक हिंजचे टप्पे साडेबावीस अंशांचे, ते कामाचे नाहीत. साधी हिंज प्लेट लावली की पंख स्वतःच्या वजनाने हळूहळू लोंबतो. मधेच एक प्लेट उतरवून पायरी केली तर हिशेब जुळतो, पण पायरी लांबूनही दिसते. आणि मॅजिक क्षेपणास्त्रं जग्वारच्या पंखांवर बसतात, खाली नाही. मामाची नजर आधी तिथेच जाणार, म्हणजे वरची बाजू सफाईदारच हवी.

दुसरं, मागच्या पायांना प्रत्येकी दोन चाकं असतात. माझे पाय क्लिपवर आहेत आणि वजनाने फाकतात.

तिसरं, गडद हिरव्या रंगात हवे ते वेज इथे सुटे मिळत नाहीत. परदेशातून मागवायचे तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. काही तोड आहे का?

कर्वेनगरवासी:
ताई, विषय एकदम आवडीचा निघाला. पंख खालीच झुकायचे आहेत ना, मग वजन तुमच्याच बाजूने आहे. हिंज घट्ट असण्याची गरजच नाही, पंख किती खाली जाईल तेवढं अडवा. हिंज धडाच्या कडेला न लावता मधोमध, पाठीच्या कण्याखाली लपवा. तिथून धडाची कड चार स्टडवर, म्हणजे ३२ मिलिमीटरवर येते. कडेला पंखाच्या पोटाला उलटी टाइल (एक बाजू सपाट असलेला तुकडा) लावा, म्हणजे तळ गुळगुळीत होईल. त्याखालचा थर एक प्लेट उतरवा, पण त्याचे स्टड उघडे ठेवा. प्लेट ३.२ मिलिमीटर, स्टड १.७. पंख दीड मिलिमीटर उतरून स्टडच्या माथ्यावर टेकतो. कोन पावणेतीन अंशांच्या आसपास येतो आणि पुढे लोंबत नाही.

शेपटीला हे करू नका. जग्वारचे आडवे पंख अख्खेच्या अख्खे फिरतात, विमान कुशीवर वळवायलाही त्यांचा उपयोग होतो, कारण याला एलेरॉन (त्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला असणाऱ्या हलत्या पट्ट्या) नाहीत. तिथे छोटा बॉल जॉइंट (सगळीकडे फिरणारा गोळ्याचा सांधा) लावा. झुकावही मिळेल आणि मामांना हाताने फिरवूनही बघता येईल.

पाय क्लिपवरून काढा. टेक्निक अ‍ॅक्सल (दांडी) उभा धडात घालून आत बीममध्ये (भोकांच्या पट्टीत) अडकवा, फाकणार नाहीत. चाकं आत दुमडणार नाहीत, पण मॉडेल उभं राहणं महत्त्वाचं.

धागाकर्ती:
स्टडच्या माथ्यावर टेकवायचं डोक्यातच आलं नव्हतं! खूप आभार. चाकं दुमडली नाहीत तरी चालेल, मामाने बहुतेक विमानं हँगरमध्ये उभीच पाहिली आहेत. रंगाचं काय करू?

पेठकर:
आपल्या जग्वारच्या पाठीवर हिरव्यासोबत गडद राखाडीही असतो ना? वेज लागतात त्या कडा राखाडीत घ्या, तो रंग सहज मिळतो. हिरवे पट्टे साध्या आयताकृती प्लेटमध्ये आतल्या बाजूला घ्या. पट्ट्यांची कड थोडी दातेरी होईल, पण बाहेरून मागवायचे तुकडे मोजकेच राहतील. रंगवू मात्र नका, रंगामुळे स्टडची पकड बिघडते.

धागाकर्ती:
हे जमेल. राखाडी वेज माझ्याकडे आहेतच. आधी फक्त मधला भाग आणि एक पंख जोडून आठवडाभर शेल्फवर ठेवते, लोंबला नाही तरच दुसरा करते. स्टुडिओची फाइल आणि फोटो याच धाग्यात टाकते. बॉल जॉइंटवर सहा स्टड लांबीचा आडवा पंख कुणी टिकवला असेल, तर जरूर सांगा.