अनुभव धागा: चीनच्या शहरात गाइडबरोबर एक दिवस

भिंत, राजवाडा, मातीचे सैनिक यांचे फोटो खूप झाले. तिथल्या बागेत, मंडईत, गल्लीत रोजचं काय चालतं ते कुणी पाहिलंय? शहर, खाणं, खटकलेलं, सगळं लिहा.

---

चेंगडू. गाइडताईने सकाळीच पीपल्स पार्कमधल्या हमिंग चहागृहात नेऊन बसवलं. १९२३पासूनचं आहे. बांबूच्या खुर्च्या, आणि बशी, वाटी, झाकण असा तीन तुकड्यांचा कप. पैसे एकदाच द्यायचे, वरून गरम पाणी हवं तितकं. झाकण किंचित तिरकं धरून फटीतून घोट घ्यायचा, म्हणजे पानं तोंडात येत नाहीत. शेजारी आजोबा मंडळींचा पत्त्यांचा डाव रंगला होता. तेवढ्यात टिंग्ग! कान साफ करणारा आला. कपाळावर दिवा, हातात लांब चिमटे आणि पिसांचा बारीक कुंचला. शेवटी तो चिमटा झणकावून कानातल्या काडीला टेकवतो. नवऱ्याने हौसेने करून घेतलं; म्हणाला, अख्खं डोकं गुणगुणतं. मी लांबूनच नमस्कार केला.

शाकाहाऱ्यांनो, मापो तोफूत खिमा असतो बरं का. आम्ही वेन्शू मठातल्या शाकाहारी उपाहारगृहात जेवलो.

---

बीजिंग, टेंपल ऑफ हेवन. १४२०चं मंदिर राहिलं बाजूला, आम्ही लांबलचक ओसरीतच अडकलो. पत्ते, विणकाम, एरहू या दोन तारांच्या वाद्याच्या साथीने गाणी. एक काका काठीएवढा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळलेलं. पिसांचं फूल पायाने उडवायच्या खेळात एका काकूंनी मला ओढलं. त्यांचं वय विचारू नका, माझा दम निघाला. एवढी निवृत्त मंडळी कशी, याचंही उत्तर मिळालं: कामगार बायका पन्नाशीतच निवृत्त होत आल्या आहेत. २०२५पासून ते वय हळूहळू वाढवतायत.

---

माझा अनुभव जरा कडू. बीजिंगच्याच हुटाँग गल्ल्या, सायकलरिक्षातून. 'स्थानिकाच्या घरी भेट' म्हणून जिथे नेलं, तिथे भिंतीवर दरपत्रक! पुढे चहाच्या दुकानात तासभर डांबलं. खरी गल्ली दिसली ती रिक्षा सोडल्यावर. एकेका जुन्या चौकात अनेक बिऱ्हाडं, घरात संडास नाही, त्यामुळे नाइटड्रेसमधली माणसं कोपऱ्यावरच्या सार्वजनिक संडासाकडे निघालेली. नाक्यावर ज्यानबिंग घेतलं: घावनासारखं पातळ, वर अंडं, कांद्याची पात, तिखट सॉस, आत कुरकुरीत पापडी. टूर ठरवताना 'दुकानं नकोत' हे लेखी घ्या.

---

शांघायचं पीपल्स पार्क, शनिवार-रविवारी. उघड्या छत्र्यांवर मुलामुलींची स्थळं चिकटवलेली: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर. मुलं गायब, बोलणी आईबापांची. आमच्या सासूबाईंना जाम करमलं तिथे.

---

>> मंडईत रोख चालते का?

चालते, पण सुट्ट्यांची बोंब. कमळकाकडीवालीच्या तराजूलाही क्यूआर टांगलेला होता. मी सिंगापूरहून अलिपे या पेमेंट ॲपला कार्ड जोडूनच निघाले. भारतातून जाणाऱ्यांनो, वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर आपल्याकडे २०२०पासून बंदी आहे, तेव्हा गाइडशी ईमेलवरच बोलून घ्या.