कोड मिळाला, पण पैसे?

"आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) काढला की निर्यात सुरू," असं कुणीतरी लिहिलंय. अहो, ते तर सगळ्यात सोपं! डीजीएफटीच्या (केंद्र सरकारच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये भरले की झालं. (दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करा, बदल नसला तरी, नाहीतर कोड बंद पडतो.)

खरी मेख परदेशी खरेदीदाराकडून पैसे वसूल करण्यात. नाशिकच्या द्राक्षांचंच बघा, २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल युरोपात अडकला, त्याबरोबर पैसेही. भले भले हादरले. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा खरेदीदार बुडाला तर तारतो, दर्जावरून वाद झाला तर नाही. म्हणून नवख्याने निम्मी तरी रक्कम आगाऊ मागावी. मसाले-पापडाची छोटी पार्सलं असतील तर सरळ पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र गाठा, कंटेनरच्या भानगडीत पडूच नका.