अतिवृष्टीत पुलाच्या अबटमेंटमागचा भराव वाहून गेला, नुसता मुरूम टाकून भागेल का?

ग्रामसडक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका ग्रामीण मार्गावर, पऱ्यावर (ओढ्यावर) दोन गाळ्यांचा आरसीसी स्लॅबचा पूल आहे. प्रत्येक गाळा ५ मीटरचा, तळापासून स्लॅबपर्यंत उंची २.५ मीटर. परवाच्या अतिवृष्टीत झाडाचे ओंडके आणि बांबूची बेटं एका गाळ्यात अडकली. पाणी गावाच्या बाजूच्या अबटमेंटला (स्लॅबचं टोक पेलणाऱ्या काठावरच्या भिंतीला) वळसा घालून गेलं आणि मागचा भराव साफ धुऊन निघाला. खड्डा ७ मीटर लांब, रस्त्याच्या पूर्ण ६ मीटर रुंदीत, ३ मीटर खोल. स्लॅब वरून तरी शाबूत दिसतो. खालच्या अंगाची, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूची, विंगवॉल (अबटमेंटला जोडून कडेची माती धरणारी भिंत) थोडी बाहेर कलली आहे आणि तिथलं दगडी पिचिंग (उतारावर रचलेलं दगडी अस्तर) गेलं आहे. पुलापुढे १२ मीटरभर दरीकडची साईडपट्टी खचून डांबराला रेघ पडली आहे.

गणपतीपूर्वी एसटी सुरू व्हावी असा गावाचा आग्रह आहे. चार-पाच डंपर मुरूम ओतून जेसीबीने दाबून घ्यावा, असं ठरतंय. हे कितपत टिकेल? आणि कायमचं काम करताना इस्टिमेटमध्ये काय हवंच?

पुलाखालून

मुरूम ओतण्याआधी पुलाखाली उतरा. भराव गेलाय म्हणजे पाणी अबटमेंटच्या पायाशी खेळलं आहे, आणि ते वरून दिसत नाही. सावित्रीवरचा जुना दगडी कमानीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला तेव्हा वरून वाहतूक चालू होती. रस्ता वरून सलग दिसतो म्हणून गाडी घालायची नसते.

पाणी ओसरलं की १६ मिमीची दोन मीटर सळई घ्या आणि दोन्ही अबटमेंट व मधल्या पिअरच्या (खांबाच्या) पायाभोवती दर अर्ध्या मीटरला टोचत जा. सळई आडवी पायाखाली शिरली तर पाया पोकळ झाला आहे. किती आत गेली ते खडूने सळईवरच खूण करून लिहून ठेवा. मग ओळंबा सोडून अबटमेंट आणि विंगवॉल किती कलल्या ते मोजा. विंगवॉल आणि अबटमेंटच्या सांध्यातल्या फटीवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारा, वर तारीख घाला. पट्टी आठ दिवसांत तडकली तर भिंत अजून हलते आहे, तिला नुसता भराव देऊन उपयोग नाही. स्लॅबच्या दोन्ही टोकांची लेव्हल पाण्याच्या पाइपने ताडून बघा, एका टोकाला फरक आला तर आधार खचला आहे.

पोकळी पायाच्या रुंदीच्या मधल्या तिसऱ्या भागापर्यंत पोचली असेल तर वाहतूक बंदच ठेवा आणि डिझाइन करणाऱ्या माणसाला बोलवा. त्याहून कमी असेल तर प्रवाह दुसऱ्या गाळ्याकडे वळवा, पोकळीतला गाळ-वाळू हाताने काढा, तोंडाशी सिमेंट भरलेल्या गोण्यांची भिंत रचा आणि आत एम-२० प्रतीचं काँक्रीट भरा. पाणी पूर्ण उपसता येत नसेल तर निदान साचलेलं आणि स्थिर असावं, काँक्रीट नळीने तळापासून वर भरत यावं आणि सिमेंट दहा टक्के जास्त घ्यावं. वाहत्या पाण्यात काँक्रीट ओतलं की सिमेंट पुढच्या गावाला जातं, मागे खडी उरते. दोन पाइप वर काढून ठेवा. काँक्रीट बसल्यावर वर जी बोटभर फट राहते ती त्यातून ग्राउट करता (पातळ सिमेंटने भरता) येते. ही फट सोडली तर पायावर भार तिथे उतरतच नाही.

आता भराव. तुमच्या मापाने खड्ड्याचं आयतन साधारण ८४ घनमीटर धरू (पूर्ण चौकोनी नसतो म्हणून दोन तृतीयांश), म्हणजे दाबलेला ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), सैल माल ३७-३८ ब्रास. चार-पाच डंपरात भागणारं काम नाही. आणि पावसात मुरूम नकोच. लालसर मुरमात मातीचं प्रमाण जास्त असतं, तो भिजला की लापशी होते. त्याचा पाण्यासह दाब अबटमेंटवर येतो आणि कललेली विंगवॉल आणखी कलते. तात्पुरत्या कामाला तळाला २००-३०० मिमीचे डबर एक मीटर, त्यावर ४०-८० मिमी खडी अर्धा मीटर, आणि वर क्रशरचा मिश्र माल १५० मिमीच्या थरांनी. प्रत्येक थर दाबून. जेसीबीच्या बकेटने थापटणं म्हणजे दाबणं नव्हे, खाली अर्धा मीटर सैलच राहतं. अबटमेंटपासून दीड मीटरच्या आत मोठा व्हायब्रेटरी रोलर चालवू नका, तिथे प्लेट कॉम्पॅक्टर वापरा आणि थर १०० मिमीचे ठेवा.

भरावाच्या कडेला, खालच्या अंगाला, पाणी परत शिरू नये म्हणून डबर उतरते रचा. कडेपासून दीड मीटरवर ड्रम आणि लाल-पांढऱ्या पट्ट्या लावा. भरलेली एसटी १५-१६ टनांची असते. पायाची तपासणी झाल्याशिवाय ती सोडू नये. तोपर्यंत प्रवासी पुलाच्या अलीकडे उतरवून पलीकडे दुसरी गाडी उभी करणं हेच बरं.

कायमच्या कामात हे हवंच: अबटमेंटच्या पाठीमागे ६०० मिमी जाडीचा फिल्टर (भिंतीलगत मोठा दगड, मातीकडे जाताना बारीक), १०० मिमी व्यासाचे वीपहोल (भिंतीमागचं पाणी निघायची भोकं) दोन्ही दिशांना एक मीटरपेक्षा जास्त अंतरावर नाहीत, बाहेर १ ला २० उतार, सर्वात खालची ओळ उन्हाळी पाण्याच्या १५० मिमी वर. जुने वीपहोल असतील तर पहार घालून उघडा, बहुतेक ठिकाणी मागे फिल्टरच नसतो म्हणून ते मातीने बुजलेले असतात. त्यानंतर ३.५ मीटर लांब, ३०० मिमी जाड एम-३० चा ॲप्रोच स्लॅब (पुलाला लागून भरावावर टाकायचा काँक्रीटचा स्लॅब). डांबर मात्र घाईने करू नका. नवा भराव पहिल्या पावसाळ्यात बसतोच, तोवर पेव्हर ब्लॉक ठेवले तर उचलून लेव्हल करता येते.

पाणलोट

वरचं सगळं बरोबर आहे, पण पाणी वळसा घालून का गेलं याचं उत्तर इस्टिमेटमध्ये आलं नाही तर पुढच्या वर्षी तोच खड्डा भरावा लागेल. पुलाच्या गाळ्यातून किती पाणी जाऊ शकतं आणि आलं किती, एवढं दोन तासांत काढता येतं.

पुलापासून ५० मीटर वर, जिथे पऱ्या सरळ आहे, तिथे झाडांच्या बुंध्यावरची गाळाची रेघ शोधा. दोन्ही काठांची रेघ जुळली पाहिजे. समजा रुंदी १४ मीटर, सरासरी खोली २.५ मीटर, तर क्षेत्र ३५ चौरस मीटर, ओली परिमिती (पाणी टेकतं तेवढा तळ आणि काठ) १९ मीटर. पाण्याच्या रेघेचा उतार १०० मीटर लांबीत अर्धा मीटर, म्हणजे १ ला २००. धोंड्यांच्या पऱ्याला मॅनिंगचा गुणांक (तळाच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०५ धरा. वेग येतो २.१ मीटर प्रति सेकंद, विसर्ग साधारण ७४ घनमीटर प्रति सेकंद. पडताळा म्हणून नकाशावर पाणलोट मोजा. तो २.५ चौरस किलोमीटर असेल तर इंग्लिसच्या सूत्राने (१२४ गुणिले क्षेत्र, भागिले क्षेत्र अधिक १०.४ चे वर्गमूळ) ८६ येतो. दोन्ही आकडे जवळ आहेत, मोठा घ्यायचा.

दोन्ही गाळे मोकळे असतील तर वाट २५ चौरस मीटरची, वेग ८६ भागिले २५, म्हणजे ३.४. पिचिंगचा दगड वेगाच्या वर्गाला ०.०२८२ ने गुणून मिळतो (२ ला १ उतारासाठी). तो येतो ३३ सेंमी, सुमारे ५० किलो. आता एक गाळा ओंडक्यांनी अर्धा बुजला असं धरा. वाट १८.७५, वेग ४.६, दगड ६० सेंमी आणि वजन ३०० किलो! वेग सव्वापट-दीडपट वाढला की दगडाचं वजन सहापट लागतं. तुमचं पिचिंग गेलं ते दगड कमी पडले म्हणून नव्हे, गाळा बुजला म्हणून. गावाच्या बाजूचं पाणी वळसा घालून गेलं तेही याच कारणाने, बाहेर वाट मिळाली नसती तर पुलानेच तो भार घेतला असता.

म्हणून दोन गोष्टी. पुलाच्या ३० ते ५० मीटर वर, काठावरचे पडायला आलेले झाडबुंधे आणि बांबूची सुटी बेटं मे महिन्यातच काढा. आणि जोडरस्त्याचा एक टप्पा, पुलापासून दूर, मुद्दाम पुलाच्या स्लॅबपेक्षा अर्धा मीटर खाली, काँक्रीटच्या फरशीसारखा ठेवायचा का याचा विचार करा. जास्तीचं पाणी तिथून रस्त्यावरून वाहून जाईल, अबटमेंट वाचेल. चार तास रस्ता बंद राहणं पूल जाण्यापेक्षा बरं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला, असे दिवस आता नोंदीत आहेत, ते धरूनच विचार करायला हवा.

ग्रामसडक

पाणलोटाचा हिशोब करून पाहतो, आकडे जवळपास असेच निघतील असं वाटतंय. खालच्या अंगाचं पिचिंग पुन्हा करताना पऱ्यातलेच धोंडे वापरले तर? आणि दरीकडची साईडपट्टी गॅबियनने (दगड भरलेल्या तारजाळीच्या पेट्यांनी) करावी असा प्रस्ताव आहे.

खडीमुरूम

पऱ्यातले धोंडे पुलापासून खाली शंभर मीटरपर्यंत अजिबात उचलू नका. ते पऱ्याने स्वतः अंथरलेलं फरसबंदी कवच असतं. पोकलेनने ते उचललं की खालची वाळू उघडी पडते, तळ खाली जातो आणि तो खड्डा उलट पावली वर सरकत पुलापर्यंत येतो. पुढच्या पावसात पिअरचा पाया लटकतो. दगड खाणीतला आणा, कोनाकोनाचा, एका दगडाचं वजन किमान ४० किलो. पुलाच्या खाली तळ मऊ असेल तर सिमेंट काँक्रीटचा फ्लोअर, त्याच्या वरच्या टोकाला २ मीटर व खालच्या टोकाला २.५ मीटर खोल कटऑफ भिंत (पाणी फ्लोअरखाली शिरू न देणारी), आणि पुढे सुट्या दगडांचा एक मीटर जाड ॲप्रन (तळावर अंथरलेला थर): वर ३ मीटर, खाली ६ मीटर. तळात कडक कातळ लागत असेल तर हे नको, पाया कातळात ०.६ मीटर रुतवला की पुरे. मऊ खडकात १.५ मीटर.

गॅबियन चांगले, पण त्यात चुका बऱ्याच होतात. तुमची उंची तीन मीटर धरली तर पाया २ मीटर, मधली ओळ १.५, वरची १ मीटर रुंद, म्हणजे मीटरमागे ४.५ घनमीटर, १२ मीटरला ५४ घनमीटर, १९ ब्रास दगड. पेट्या भराव्यात हाताने. दर्शनी दोन-तीन रांगा निवडून रचायच्या, मग मागे भरायचं. बकेटने ओतलेल्या पेटीला वर्षात पोट येतं. उंचीच्या एक तृतीयांश व दोन तृतीयांशवर आडव्या तारा ओढा, त्या वगळल्या की पोट हमखास. दगड १५० ते २५० मिमी, काळा बेसॉल्ट. जांभा नको. तो ओला-सुका होऊन चुरतो आणि पेटी आतून रिकामी होते. पेटीमागे जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड) लावलंच पाहिजे, नाहीतर भराव दगडांतून गाळला जाऊन रस्ता वरून बसतो. पाया खचलेल्या मातीवर नको, घट्ट जमीन लागेपर्यंत खणा, मग अर्धा-पाऊण मीटर आत.

पण आधी डोंगराकडचं गटार बघा. साईडपट्टी बहुतेक वेळा दरीकडून नव्हे, डोंगराकडच्या पाण्याने खचते. गटार बुजलं की पाणी रस्त्याखालून पाझरतं. जवळची मोरी ६०० मिमीची असेल तर ती पालापाचोळ्याने बुजणारच, हजार मिमीचा आरसीसी पाइप (एनपी-३ प्रतीचा) घाला, वर किमान ६०० मिमी भराव, तोंडाशी गाळ साचायला कुंडी आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली दगडी उतार. मोरीचं पाणी गॅबियनच्या पायाशी सोडायचं नाही, ते सोडलेलं मी पाहतो तिथे पहिली पेटी त्या बाजूनेच कलते.

कागदपत्रांचं: ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला ग्रामपंचायतीने लेखी कळवावं. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते, ती तारीख फलकावरून आधी तपासा. पंचनाम्याला पूररेषेचे फोटो पट्टी धरून काढा, माती धुऊन जायच्या आत. खड्ड्याची मापं आताच घ्या. भरल्यावर किती भरलं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.