सांगलीत नवीन आलोय, खायला कुठं जाऊ?

अमरावतीकर_विश्रामबागेत

नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी अमरावतीहून सांगलीला बदली झाली. विश्रामबागेत एकटाच राहतो, खोलीवर गॅस नाही. आजूबाजूची एसी हॉटेलं फिरून झाली, सगळीकडं तेच पनीर. एका ठिकाणी 'व्हेज कोल्हापुरी' मागवली तर लाल तेलात पोहणारा फ्लॉवर आला, वर हजार रुपयांत दोघांचं काही जमलं नाही.

परवा एका खानावळीत गेलो. चटणी मागितली. माझ्या डोक्यात खोबऱ्याची, आली लाल कोरडी पूड. मी आपली चमचाभर घेतली आणि भाकरीला लावून मोठा घास मारला. आम्ही वऱ्हाडातली माणसं, तिखटाला भीत नाही, पण डोळ्यांतून धारा! वाढणारे काका म्हणाले, "साहेब, ती चटणी हाय. शेंगाची म्हनलात तर तसं आनतो की."

तर विचारायचं असं: रोज दुपारी जेवायला काय सोय? रविवारचं मटण कुठं? आणि संक्रांतीला आई येतेय, ती कांदा-लसूण खात नाही. तिला कुठं नेऊ? हॉटेलांची नावं द्या, मी मॅपवर शोधतो.

गावभागातला_बाळू

काकांनी बरोबरच दिलं भावा. आमच्यात चटणी म्हणजे तिखट. वर्षाची एकदम कांडून आणतात, कांदा-लसूण, खोबरं, गरम मसाला सगळं त्यातच. पुढच्या वेळी 'शेंगाची चटणी, वर दही' असं सांगायचं.

हरिपूरची_वांगी

नावं मागू नका, वार आणि वेळ विचारा. सांगलीत निम्मा खेळ तिथंच आहे.

माझं सांगतो. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर होते. सकाळी त्यांच्याबरोबर गेलो की हमालांच्या गर्दीत उभं राहून उप्पीट आणि कट वडा, म्हणजे कटात, तिखट रश्शात, बुडवलेला वडा. तोच गाडा अकराला बघा, वडा गार, कट तळाला. खराब झाला असं नाही, त्याची वेळ संपली. आता नवीन माणूस साडेअकराला जातो, खातो आणि मोबाईलवर दोन तारे देऊन येतो.

मटणाचंही तसंच. बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून मटण मागायचं नाही, कारण बोकड त्याच दिवशी कापतात. रविवारी एकच्या आत बसायचं. अडीचला गेलात तर तांबड्या रश्शात पाणी वाढलेलं असतं आणि सुक्क्यात नुसते बटाटे. चांगलं घर ओळखायचं कसं? आधी पांढरा रस्सा मागवा. पांढरा पातळच पाहिजे. पहिल्या घोटाला मटणाचं पाणी लागलं पाहिजे, नारळ आणि खसखस मागनं आली पाहिजे. चमच्याला चिकटणारा दाट पांढरा आला की समजायचं, पीठ लावलंय. बिल द्या, नमस्कार करा, उठा.

आणि आत्ता थंडी आहे तोवर कृष्णाकाठची वांगी सोडू नका. हिरवी, पांढऱ्या रेघांची, बी जवळपास नाहीच. भरीत करायचं तर हीच. हॉटेलात विचारू नका, ते वर्षभर एकच जांभळं वांगं वापरतात. बाजारातनं दोन घ्या आणि ओळखीच्या खानावळीत 'एवढं भाजून द्या' म्हणा. नाही म्हणणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

कोल्लापुरी_जाळ

मटणासाठी सांगली? तास-दीड तासात कोल्हापूर आहे की राव.

हरिपूरची_वांगी

या, या. येताना ट्रॅफिक पण घेऊन या.

मिरज_जंक्शन

रोजच्या जेवणासाठी मिरजेचा विचार करा, विश्रामबागेतून कितीसं लांब आहे? मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट येतात, नातेवाईक आठ-आठ दिवस मुक्काम करतात, त्यांना घरगुती आणि स्वस्त लागतं. म्हणून दवाखान्यांच्या मागच्या गल्ल्यांत पोळी-भाजी, आमटी-भाताच्या खानावळी आहेत. तिथं ताटात दोन दिवस सलग तीच भाजी आली तर नातेवाईक मोठ्यानं बोलतात, मालकाला ऐकावं लागतं. कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी हे कर्नाटकी वळण तिथंच दिसेल.

सजावट शून्य. एका खानावळीत पाण्याचे तांबे आणि सलाईनची पिशवी हातात धरलेले आजोबा एकाच बाकावर बघितलेत मी.

सौ_डबेवाली

अमरावतीकर, दुपारच्या जेवणासाठी हॉटेल शोधतच बसू नका, महिन्याचा डबा लावा. विश्रामबाग आणि विलिंग्डन कॉलेजच्या आजूबाजूला पोरांसाठी डबे करणाऱ्या बायका खूप आहेत. पहिले चार दिवस रोखीनं घ्या, मग महिना ठरवा. पहिल्या दिवशीचा डबा सगळेच चांगला देतात. सोमवारचा बघा, रविवारची सुट्टी संपल्यावर काय येतं ते.

आईंची काळजी करू नका. सांगलीत जैन घरं भरपूर, बिनकांदा-लसणाचं म्हटलं की कोणी वळून बघत नाही. मात्र बरेच जण सूर्यास्ताच्या आत जेवतात, म्हणून असा डबा दुपारीच मागवा. आणि त्या संक्रांतीला येणार म्हणजे भोगी असणार! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-घेवडा-गाजर-हरभऱ्याची भाजी, वर लोणी. कांदा-लसूण न घालताही ती भाजी तितकीच लागते, उलट तिळाचा कूट नीट कळतो.

गावभागातला_बाळू

आईंना गणपतीला न्या, तिथून जवळच पेठेत भडंग घ्या. गोरे बंधूंचं नाव सगळे सांगतील, मीही सांगतो. पण पाकीट बांधलेलं गावाला न्यायला. इथं खायचं तर गाड्यावर समोर कालवलेलं. तेलात ठेचलेला लसूण, दाणे, कढीपत्ता, मग तिखट-मेतकूट आणि चुरमुरे. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. पाच मिनिटांत संपवा, सहाव्या मिनिटाला चुरमुरे मऊ पडतात.

सौ_डबेवाली

बाळू, त्यांच्या आई लसूण खात नाहीत!

गावभागातला_बाळू

अरे हो. मग आईंना गणपती, भडंग पोराला.

वाळव्याचा_पाटील

अख्खा मसूर कोणीच लिहिला नाही? इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, तिकडच्या ढाब्यांची ओळखच ती. मसूर अख्खा, डाळ नव्हे. शिजलाय पण फुटला नाही, असा. वर चटणीचा तवंग, बरोबर तंदूर रोटी. घरी करून बघितला तर तो आमटीसारखा होतो. बायकोचं म्हणणं, ढाब्यावर तेलाचा हात सैल असतो. असेल.

मिरज_जंक्शन

आईंसाठी अजून एक: नृसिंहवाडी. कोल्हापूर जिल्ह्यात येते, पण सांगलीहून तासाच्या आत. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं दर्शन, आणि बाहेर बासुंदी. कवठाची बर्फी आणा. आंबटगोड असते, पहिल्यांदा खाणारा गोंधळतो, दुसऱ्यांदा डबा लपवतो.

कोल्लापुरी_जाळ

म्हणजे शेवटी कोल्हापूर जिल्ह्यातच गेलात.

हरिपूरची_वांगी

बासुंदीला आम्ही सरहद्द मानत नाही. दूध तसं आमच्याकडंही आहे. चितळ्यांनी भिलवडीला डेअरी १९३९ सालीच काढली.

जाता जाता एक. गावाला न्यायला हळद घ्यायची तर थोडं थांबा, नवी फेब्रुवारीच्या आसपास यार्डात येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या दोन वर्षं आधी. आमच्या हरिपुरात पूर्वी हळद पेवांत, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या खोल खड्ड्यांत ठेवायचे. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं, बहुतेक पेवं तेव्हा गेली. वडिलांनी त्यानंतर कितीतरी दिवस आमटीत हळद चिमटीनं मोजून घातली.

अमरावतीकर_विश्रामबागेत

तीन आठवड्यांनी परत येतोय, सांगायचं होतं.

डबा लावला. सोमवारची परीक्षा घेतली. पहिली बाई नापास, दुसरी पास. मिरजेतही दोनदा जेवून आलो.

यार्डात सव्वासातला पोचलो. कट वडा! आमच्या तर्रीसारखाच दिसतो, पण भाऊ, चव वेगळी. यात खोबऱ्याचा गोडवा मागून येतो. शेजारी दोन हमाल उभे, तिघांचेही हात हळदीनं पिवळे. माझे कसे काय पिवळे झाले ते कळलं नाही, बहुतेक पोत्याला टेकलो. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, लग्न ठरलं का.

वांगी घेऊन खानावळीत गेलो तेव्हा काका (तेच, चटणीवाले) नाही म्हणाले नाहीत. चुलीच्या निखाऱ्यावर ठेवलं, साल काळी होऊन फुगली, मग फुस्स करून वाफ निघाली. हातानंच सोललं, दही, मीठ, वरून मोहरीची फोडणी. बी खरंच नाही. मी पैसे विचारले तर म्हणाले, "वांगं तुमचं, निखारा कालचा. कशाचे घेऊ?" शेवटी भाकरीचे तेवढे घेतले.

पांढऱ्याची परीक्षा मात्र पुढच्या रविवारी. गेल्या वेळी पावणेतीन झाले होते. बटाटे खाऊन आलो.

आई भोगीच्या आदल्या दिवशी पोचतेय. डबेवाली काकू, त्या दिवशी दोन डबे जास्तीचे मिळतील का?

सौ_डबेवाली

मिळतील. आईंना बाजरीची भाकरी चावते का, तेवढं विचारून ठेवा, नाहीतर पातळ थापते.